बिलातली कुठली ओळ कुणाची?

नागपूरचे वाचक विचारतात: वीज, पाणी, गॅस

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं लाइट बिलाची आहेत. उन्हाळा सरत आला की ती येतातच. पत्रांमधला राग बिल भरायच्या खिडकीवर असतो, आणि खिडकीमागे बसलेल्या माणसाच्या हातात मात्र बिलातली एकही ओळ बदलायचा अधिकार नसतो. दर एक जण ठरवतो, रीडिंग दुसरा घेतो, कर तिसऱ्याच्या तिजोरीत जातो. म्हणून प्रत्येक उत्तरात ती ओळ कुणाची आहे, तेही सांगितलं आहे.

प्रश्न (मानेवाडा): एप्रिलमध्ये 190 युनिट जळले, मेमध्ये दोन कूलर लागले आणि 380 झाले. युनिट दुप्पट, पण बिल अडीचपटीच्या घरात. मीटर पळतं की दर वाढले?

बहुधा दोन्ही नाही. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. हिशेबासाठी 2024-25 चं दरपत्रक घेऊ. त्यात वीज आकार पहिल्या शंभराला 4.71 रुपये, तीनशेपर्यंत 10.29, पाचशेपर्यंत 14.55 आणि पुढे 16.64 रुपये होता. शिवाय प्रत्येक युनिटवर 1.17 रुपये वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे, आणि सिंगल फेजला महिन्याला 128 रुपये स्थिर आकार, जो वापर कितीही असला तरी तेवढाच. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क.

190 युनिटचं बिल असं होतं: पहिल्या शंभराचे 471, पुढच्या नव्वदचे 926.10, वहन आकाराचे 222.30, स्थिर आकार 128. बेरीज 1,747.40. त्यावर शुल्क धरून सुमारे 2,027 रुपये. 380 युनिटला 471, मग दोनशे युनिटचे 2,058, उरलेल्या ऐंशीचे 1,164, वहन आकार 444.60 आणि तोच 128. बेरीज 4,265.60, शुल्कासह सुमारे 4,948. म्हणजे 2.44 पट. इंधन समायोजन आकार यात धरलेला नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

शुल्कासह पाहिलं तर पहिला युनिट 6.82 रुपयांना पडतो, शंभरानंतरचा 13.29 ला आणि तीनशेनंतरचा 18.24 ला. कूलरचे युनिट नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, कारण फ्रिज, दिवे, पंखे यांनी खालचे टप्पे आधीच भरलेले असतात. पंखा आणि पंप मिळून 200 वॅटचा कूलर दिवसाला 14 तास चालला तर 2.8 युनिट, महिन्याला 84. दोन कूलर म्हणजे 168. उरलेली वाढ उन्हाळ्यात जास्त वेळ चालणाऱ्या फ्रिजची आणि पंख्यांची. तुमचा हिशेब जुळतो.

दोन गोष्टी मात्र तपासा. एक, शंभराच्या पुढे गेलं की सगळेच युनिट महाग होतात हा समज चुकीचा आहे. महाग होतात ते फक्त पुढचे. दुसरी जास्त महत्त्वाची. मागच्या आणि चालू रीडिंगच्या तारखा पाहा. रीडिंग 36 दिवसांनी घेतलं असेल तर टप्पेही त्या प्रमाणात ताणावे लागतात, म्हणजे पहिला टप्पा 100 चा नाही, 120 चा. ते झालं नसेल तर तुमचे वीस युनिट विनाकारण वरच्या दरात गेले.

हे दर पुढे बदलले आहेत. तुमच्या बिलाच्या महिन्यात लागू असलेलं दरपत्रक बिलाच्या मागे छापलेलं असतं. रीत हीच ठेवा, आकडे ते घ्या.

प्रश्न (कोराडी रोड): राख आमच्या अंगणात पडते, वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या खिडकीतून दिसतात, कोळसाही इथलाच. मग वीज आम्हाला पुण्यापेक्षा स्वस्त का नाही?

विदर्भातला हा जुना सवाल आहे आणि त्यात तथ्यही आहे. कोराडीला 660 मेगावॅटचे तीन संच आहेत, खापरखेड्याला 210 चे चार आणि 500 चा एक. कोळसा खाणी चालवणाऱ्या वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्स) मुख्यालय नागपुरातच आहे. तरी या केंद्रांची वीज ‘नागपूरची’ म्हणून विकली जात नाही. ती राज्याच्या जाळ्यात पडते. महावितरण वेगवेगळ्या केंद्रांची वीज एकत्र विकत घेते. कुठला संच आधी चालवायचा हे त्या-त्या वेळच्या मागणीनुसार ठरतं आणि त्यात ज्याचा इंधनखर्च कमी त्याचा नंबर आधी लागतो. सगळ्या खरेदीची सरासरी किंमत सगळ्या राज्यातल्या ग्राहकांवर बसते. पारेषणाचा, म्हणजे केंद्रापासून वीज वाहून आणण्याचा खर्चही अंतरावर मोजत नाहीत. पोस्टाच्या तिकिटासारखा सगळीकडे सारखाच लागतो.

कायद्यात दार बंद नाही. विद्युत कायदा 2003 चं कलम 62(3) म्हणतं, की ग्राहकांमध्ये गैरवाजवी भेद करायचा नाही, पण एखाद्या प्रदेशाच्या भौगोलिक स्थितीवरून दरात फरक करता येतो. महावितरणच्या क्षेत्रासाठी दर ठरवणाऱ्या राज्य विद्युत नियामक आयोगाने आतापर्यंत एकसारखा दर ठेवला आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना जी सवलत मिळत आली, ती सरकारने आपल्या तिजोरीतून दिलेली आहे. घरगुती बिलाशी तिचा संबंध नाही. राखेचा मुद्दा प्रदूषण नियंत्रण मंडळापुढचा. तो दराच्या सुनावणीत मांडला तर टाळ्या मिळतात, दर हलत नाही. दराच्या सुनावणीत कलम 62(3) वर बोट ठेवून मागणी करा, निदान आदेशात तिचं उत्तर लिहावं लागेल.

आणि ‘मुंबईवाल्यांना स्वस्त’ असं पत्रात पुढे लिहिलंय, त्याबद्दल: मुंबईत टाटा, अदानी, बेस्ट अशा वेगळ्या वितरण कंपन्या आहेत. त्यांचे खर्च वेगळे, दरपत्रकंही वेगळी. भांडुप-मुलुंडला जिथे महावितरण आहे, तिथे तुमचाच दर आहे. नागपुरात 2011 ते 2019 या काळात महाल, गांधीबाग, सिव्हिल लाइन्स या विभागांत खासगी फ्रँचायझी होती, तेव्हाही ग्राहकाला लागायचा तो दर आयोगाचाच.

प्रश्न (प्रतापनगर): हा आयोग दर ठरवतो म्हणजे नेमकं काय करतो? आणि आमच्यासारख्याचं तिथे कोण ऐकतं?

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग 1999 मध्ये स्थापन झाला. वितरण कंपनी आयोगापुढे याचिका दाखल करते: पुढच्या वर्षांत वीजखरेदीला इतके, पारेषणाला इतके, देखभाल आणि पगाराला इतके, कर्जाच्या व्याजाला इतके, घसारा, भांडवलावरचा परतावा, बुडीत थकबाकीची तरतूद. या बेरजेला वार्षिक महसुली गरज म्हणतात. जुन्या दराने किती मिळतील ते त्यातून वजा करायचं. जी तूट उरते ती भरून काढायला नवा दर. मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च आणि मंजूर खर्च यांतला फरकही याच वेळी मिटवतात. म्हणून आजच्या बिलात तीन वर्षांपूर्वीचा खर्च येऊन बसलेला असू शकतो.

कलम 64 नुसार याचिका प्रसिद्ध करावी लागते, लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात आणि याचिका मिळाल्यापासून 120 दिवसांत आदेश द्यावा लागतो. जनसुनावण्या विभागवार होत आल्या आहेत, नागपुरातही. एक आदेश अनेक वर्षांचा असतो. 2025-26 ते 2029-30 या पाच वर्षांचा आदेश 28 मार्च 2025 ला निघाला. 2 एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली, 25 जूनला पुनर्विलोकनाचा आदेश आला आणि 1 जुलैपासून बदललेले दर लागू झाले. पुनर्विलोकनात जनसुनावणी झाली नाही म्हणून ग्राहकांच्या बाजूने आक्षेपही आले. हा क्रम सांगायचं कारण, आदेश निघाला की विषय संपला असं धरू नका. आदेशाविरुद्ध अपील विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात करता येतं.

आता हरकत कशी लिहायची. ‘सामान्य माणसाला परवडत नाही’ असं लिहिलेली पत्रं शेकडो येतात आणि आदेशात त्या सगळ्यांना मिळून एक ओळ मिळते. त्यापेक्षा याचिकेचा क्रमांक लिहा, परिच्छेद लिहा आणि एकच मुद्दा धरा. उदाहरणार्थ, वितरण हानी म्हणजे वाटेत वाया गेलेल्या विजेबद्दल: ‘वितरण हानी याचिकेत इतके टक्के धरली आहे, मागच्या आदेशातलं उद्दिष्ट इतकं होतं, उद्दिष्ट न गाठल्याचा भार ग्राहकावर का?’ अशा मुद्द्याला कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते आदेशात छापलं जातं. जाहीर सूचनेत मुदत दिलेली असते, ती चुकवू नका.

बातम्या वाचतानाही एक सवय लावून घ्या. ‘युनिटचा दर घटला’ असा मथळा आला की वीज आकार आणि वहन आकार यांची बेरीज करून जुन्या बेरजेशी ताडून पाहा, मग स्थिर आकार पाहा. एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकणं दरपत्रकात सहज जमतं. महिन्याला पन्नास-साठ युनिट जाळणाऱ्या घराला स्थिर आकारातली वाढ सगळ्यात जास्त टोचते, आणि नेमकी तीच मथळ्यात नसते.

प्रश्न (जरीपटका): आदेशातला दर तोच, तरी ‘इंधन समायोजन आकार’ कधी असतो, कधी नसतो. हा कुणी लावला?

आदेश देताना कोळशाची आणि विकत घ्यायच्या विजेची किंमत अंदाजाने धरलेली असते. प्रत्यक्ष खर्च वर-खाली झाला की फरक या नावाने बिलात येतो. सूत्र आयोगाचं, आकडा कंपनीच्या हिशेबाचा, तपासणी पुन्हा आयोगाची. बिलातला आकडा आधीच्या एखाद्या महिन्याच्या खर्चाचा असतो, म्हणून या महिन्यात पाऊस पडून मागणी घटली तरी तो येऊ शकतो. टप्प्यागणिक त्याचे पैसेही वेगळे असतात. यावर भांडून फारसं हाती लागत नाही. फक्त तुमच्या टप्प्याला जाहीर झालेलाच दर लावलाय ना, तेवढं पाहा. वीज शुल्काचे 16 टक्के या आकारावरही लागतात. ते शुल्क राज्य सरकारचं. आयोग ते ना वाढवू शकतो ना माफ करू शकतो.

प्रश्न (नंदनवन): घरातच दोन शिलाई मशीन आणि पिको-फॉलचं काम करते. शेजारी म्हणतात, पथक आलं तर व्यापारी दराने दंड बसेल.

शेजाऱ्यांचं अर्धंच खरं आहे. घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल, महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा 3,600 युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. दरपत्रकात घरगुती वर्गाच्या व्याख्येतच हे लिहिलेलं आहे. वर्ष संपलं की हिशेब होतो. 3,600 ओलांडले तर पुढे बिगर-घरगुती दर. म्हणून मार्चचं बिल हातात आलं की बारा महिन्यांच्या युनिटची बेरीज करून बिलांसोबत ठेवून द्या. पथक आलंच तर ती बेरीज आणि दरपत्रकाचं ते पान समोर ठेवा. 3,600 च्या जवळ पोचत असाल तर मशीनपेक्षा कूलर-एसीकडे पाहा. शिलाई मशीनची मोटर शंभरेक वॅटची असते. आठ तास सलग चालवली तरी एक युनिट होत नाही.

हा नियम घरात राहूनच व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. राहणं दुसरीकडे आणि गाळ्यात फक्त दुकान असेल, तर घरगुती मीटर वापरल्याबद्दल कलम 126 खाली आकारणी होते, आणि ती दुकानाला लागू असलेल्या वर्गाच्या दराच्या दुप्पट असते.

प्रश्न (हनुमाननगर): नवीन मीटर बसल्यापासून युनिट वाढलेत. मीटर फास्ट आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

अर्ज करण्याआधी तीन गोष्टी करून पाहा.

पहिली, मेन स्विच बंद करा आणि मीटरचा लाल दिवा पाहा. दहा मिनिटांत एकदाही मिणमिणला नाही पाहिजे. मिणमिणला तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मधल्या वायरमधून करंट कुठेतरी जातोय, किंवा कुणीतरी तुमच्या मीटरवरून लाइन घेतलीय.

दुसरी, मीटरवर ‘3200’ किंवा ‘1600’ असा आकडा लिहिलेला असतो. एका युनिटला दिवा तितक्यांदा मिणमिणतो. घरातलं सगळं बंद करून फक्त 1,000 वॅटचा पाणी तापवायचा रॉड पाण्याच्या बादलीत लावा. 3200 च्या मीटरवर मिनिटाला साधारण 53 मिणमिण यायला हव्यात. इस्त्रीने हा प्रयोग करू नका, ती मधूनमधून आपोआप बंद होते. शिवाय व्होल्टेजही पाहा. रॉडचे 1,000 वॅट 230 व्होल्टला असतात. 210 ला तो 834 वॅटच ओढतो आणि 44-45 मिणमिण येतात, 250 ला 63 येतात. हा फरक न धरता ‘मीटर फास्ट’ असं ठरवणारे पुष्कळ आहेत. तीनदा मोजा, सरासरी काढा.

तिसरी नागपुरातल्या घरांत सगळ्यात जास्त सापडते, ती म्हणजे गळती. पत्र्याच्या कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात ना, तो करंट जमिनीत जात असतो. आजची मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतून जाणारा करंट मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात, त्यामुळे जमिनीत गेलेला करंटही तुमच्याच बिलात येतो. मीटरवरचा ‘अर्थ’चा दिवा लागलेला असेल तर हेच समजा. फ्लॅटमध्ये दोन घरांचे न्यूट्रल एकमेकांत अडकले असले तरी हाच दिवा लागतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा, एकेक सर्किट वेगळं करून तपासा आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. बिलाचं राहू द्या, झिणझिण्या येणारा कूलर ओल्या फरशीवर जीव घेतो.

हे करूनही शंका राहिली तर शुल्क भरून मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या. तपासणी तुमच्यासमोर व्हावी आणि अहवालाची प्रत मिळावी, असं अर्जातच लिहा. मीटर सदोष निघालं तर वाद उपस्थित झाला त्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल अहवालानुसार दुरुस्त होतं. म्हणून वर्षभर कुरकुर करत बसू नका. जितके महिने उशीर कराल, तितके महिने या तीन महिन्यांच्या खिडकीतून बाहेर पडतात. मीटर बंदच पडलं असेल तर आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीने, तेही जास्तीत जास्त तीन महिन्यांचंच बिल लावता येतं.

प्रश्न (त्रिमूर्तीनगर, भाड्याने राहणारे विद्यार्थी): घरमालक युनिटला 13 रुपये घेतात. दर तर पाचच्या आत आहे म्हणतात.

पाचच्या आतला आकडा पहिल्या शंभर युनिटचा, तोही वहन आकार आणि शुल्क सोडून. एका मीटरवर तीन-चार खोल्या असतील तर घरमालकाचं बिल वरच्या टप्प्यात जातं. पहिल्या उत्तरातलं 380 युनिटचं 4,948 रुपयांचं बिल घ्या: सरासरी 13.02 पडते. तेव्हा तेरा हा आकडा लुबाडणुकीचाच असेल असं नाही. त्यांना मूळ बिल दाखवायला सांगा, एकूण रकमेला एकूण युनिटने भागा. थकबाकी आणि दंडाची रक्कम आधी वजा करा, ती तुमची नव्हे. भागाकारापेक्षा जास्त घेत असतील तर ते योग्य नाही. परवान्याशिवाय वीज विकता येत नाही.

खरा उपाय वेगळ्या मीटरचा. कलम 43 नुसार जागेचा मालकच नव्हे, तिथे राहणाराही वीजजोडणी मागू शकतो. चार खोल्यांना चार मीटर झाली तर प्रत्येकाला पहिल्या शंभर युनिटचा स्वस्त टप्पा मिळतो. घरमालकाला पटवायला हा हिशेब पुरेसा आहे.

प्रश्न (वर्धमाननगर): बिलाबरोबर ‘अतिरिक्त सुरक्षा ठेव’ म्हणून दुसरं बिल आलंय. हा नवा कर का?

कर नाही, तुमचेच पैसे. नियम असा, की दरमहा बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव त्याच्या सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असावी. मागच्या वर्षाची सरासरी 1,500 वरून 2,200 वर गेली तर ठेव 3,000 ची 4,400 व्हायला हवी, फरक 1,400. ती हप्त्यांनी भरायची मुभा मागता येते. ठेवीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराने व्याज मिळतं, ते वर्षातून एकदा बिलात वजा होऊन येतं. ते आलं का, ते पाहणारे फार थोडे! मागच्या वर्षीची बिलं काढून बघा. घर विकताना ठेव परत मागायला किंवा नव्या मालकाच्या नावे करायलाही विसरू नका.

प्रश्न (गोकुळपेठ): पाण्याच्या दरासाठी असाच आयोग आहे का? तीन माणसांच्या घरात 34 युनिट पाणी दाखवलंय.

घरगुती पाण्याच्या दरासाठी असा आयोग नाही. राज्यात महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे, पण ते धरणातून उचलायच्या ठोक पाण्याचा दर ठरवतं. पेंचच्या पाण्यासाठी महापालिका जे मोजते तो. तुमच्या नळाचा दर महापालिकेचा. शहरात पुरवठा आणि बिलाचं काम 2012 पासून ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी महापालिकेसाठी करते, पण दर तिच्या हातात नाही. 2009 च्या उपविधीत दरवर्षी 5 टक्के वाढीची तरतूद आहे, म्हणून एप्रिलनंतरचं बिल न विचारता थोडं वाढलेलं दिसतं. जनसुनावणी नाही, हरकतीची मुदत नाही. विजेच्या बिलावर चिडणाऱ्यांनी हा फरक पाहून घ्यावा.

टप्पे इथेही आहेत: 20 युनिटपर्यंत, 21 ते 30, 31 ते 80 आणि त्यापुढे. एक युनिट म्हणजे 1,000 लिटर. तीन माणसांना दिवसाला प्रत्येकी 150 लिटर धरले तरी महिन्याला साडेतेरा युनिट होतात. बिल एकाच महिन्याचं असेल तर 34 म्हणजे बहुधा गळतीच. बिल किती महिन्यांचं आहे ते आधी पाहा.

घरातले सगळे नळ बंद करा, पण मीटरनंतरचा मुख्य कॉक उघडा ठेवा, आणि पाणी चालू असण्याच्या वेळी मीटरचे लाल आकडे पाहा. पाच मिनिटांत एक लिटर जरी सरकलं तरी दिवसाला 288 लिटर, महिन्याला साडेआठ युनिट. आता मुख्य कॉक बंद करा. आकडा थांबला तर गळती कॉकच्या पुढे, तुमच्या घरात आहे: बहुतेक वेळा जमिनीखालच्या टाकीचा बॉलकॉक खराब असतो आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून गुपचूप गटारात जातं, नाहीतर कमोडची टाकी झिरपत असते. कॉक बंद करूनही आकडा सरकला तर आधी कॉकच गळतो का ते पाहा. तो ठीक असेल तर दोष मीटरचा किंवा मीटर आणि कॉक यांच्या मधल्या जोडाचा. मग झोन कार्यालयात लेखी तक्रार द्या. तक्रारीसोबत सलग चार दिवसांची, एकाच वेळी घेतलेली रीडिंग आणि फोटो जोडा.

प्रश्न (महाल): सिलिंडरचा दर कोण ठरवतं? आणि पोचवणारा वरून पैसे मागतो ते द्यायचे का?

तेल कंपन्या दर महिन्याला आढावा घेतात. मुळाशी आंतरराष्ट्रीय बाजारातला गॅसचा भाव आणि डॉलर, त्यावर बाटलीत भरणं, वाहतूक, वितरकाचं कमिशन आणि 5 टक्के जीएसटी. घरगुती सिलिंडरच्या किमतीवर सरकारचा हात असतोच, म्हणून ती कित्येक महिने हलत नाही आणि मग एकदम हलते. बंदरापासून लांब असल्यामुळे नागपूरला वाहतूक जास्त लागते आणि मुंबईपेक्षा दर चढा राहतो.

पावतीवरच्या रकमेत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो. वर द्यायचे ते तुमच्या खुशीने. मात्र वजन करून घ्या: सिलिंडरवर रिकाम्या बाटलीचं वजन रंगवलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवा. 15.3 लिहिलं असेल तर काटा 29.5 दाखवायला हवा. दीडशे ग्रॅम इकडेतिकडे चालतं. काटा आणणं पोचवणाऱ्याचं काम आहे.

प्रश्न (पारडी): सहा महिने बिलावर ‘लॉक’ (घर बंद, रीडिंग नाही) असा शेरा होता, सरासरीने बिलं भरली. आता रीडिंग घेऊन एकदम 1,140 युनिटचं बिल दिलंय. भरलं नाही तर लाइन कापू म्हणतात.

हे पत्र शेवटी घेतलं, कारण यात पैसे खरोखर परत मिळण्यासारखे आहेत. 1,140 युनिट एकाच महिन्यात टाकले तर 2024-25 च्या दराने नुसता वीज आकार 16,088.60 रुपये होतो. तेच सहा महिन्यांत 190-190 असे वाटले तर 8,382.60. फरक 7,706 रुपयांचा, शुल्क वेगळं. युनिट खरे असले तरी ते सहा महिन्यांत जळले आहेत, तेव्हा टप्पेही सहा महिन्यांचे मिळाले पाहिजेत. बिलावर महिन्यांची संख्या 1 छापली आहे की 6, ते पाहा. सरासरीने भरलेली रक्कम वजा केली आहे का, तेही पाहा. अर्जात शब्द असे वापरा: ‘संचित युनिट सहा महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ द्यावा, व्याज व विलंब आकार वगळावा.’ आजच्या मीटरचा तारखेसह फोटो आणि सहाही बिलांच्या प्रती जोडा, पोच घ्या. 1912 या फोन नंबरवर तक्रार नोंदवून क्रमांक घेतला तर उत्तम, पण नुसत्या फोनवर विसंबू नका.

दाद मिळाली नाही तर पुढची पायरी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. वकील लागत नाही. मंचाचा निर्णय पटला नाही तर 60 दिवसांच्या आत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. राज्यात एक लोकपाल मुंबईला आणि एक नागपूरला आहे, त्यामुळे तुम्हाला गाव सोडावं लागणार नाही. बिलाची तक्रार आयोगाकडे पाठवण्यात वेळ घालवू नका. आयोगाचं काम दर ठरवण्याचं, तुमचं बिल दुरुस्त करण्याचं नाही.

लाइन कापण्याबद्दल कलम 56 स्पष्ट आहे. कापण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि वाद चालू असताना मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने होणारी रक्कम, या दोनपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ‘निषेधासह भरणा, कलम 56(1)’ एवढे शब्द अर्जावर लिहा, भरल्याची पावती अर्जाला टाचा आणि एक प्रत मीटरजवळ ठेवा, म्हणजे लाइनमन आला तर घरातलं कुणीही ती दाखवू शकेल.